रत्नागिरीचं घर भाड्याने दिलंय, स्लॅब गळतोय, भाडेकरू भाडं देत नाहीये. चूक कोणाची?

डोंबिवलीकर_मूळ_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा प्लीज.

रत्नागिरीत कुवारबावच्या पुढे आमचं घर आहे, बाबांनी ९८-९९ च्या सुमारास बांधलेलं, जांभ्या चिऱ्याच्या भिंती आणि वर स्लॅब. बाबा गेले, आईला मी डोंबिवलीला घेऊन आलो आणि घर दीड वर्ष बंद पडलं. तेवढ्यात आतल्या खोलीच्या चौकटीला वाळवी लागली, विहिरीवरच्या पंपाची मोटर जाम झाली, मग आईच म्हणाली की दे कोणालातरी, निदान संध्याकाळचा दिवा लागेल. गेल्या नोव्हेंबरात एका कुटुंबाला दिलं, नवरा मिरजोळे एमआयडीसीत कामाला, दोन लहान मुलं. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट वीस हजार. माणसं चांगली आहेत, मे महिन्यापर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जमा, एकदा मागावं लागलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलमधल्या फॅनच्या हुकातून पाणी टपकायला लागलं. खाली बादली ठेवलेला व्हिडिओ आला व्हॉट्सअॅपवर. शिवाय स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत पूर्ण ओली, फडताळात बुरशी. मी इथून एक गवंडी पाठवला, तो बघून म्हणाला ४२ हजार लागतील, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारतो, लगेच सुरू करू. मी म्हटलं थांब जरा. आता भाडेकरू म्हणतो की दादा, जोपर्यंत गळतंय तोपर्यंत भाडं देणार नाही, जूनचं दिलं नाही आणि जुलैची आठ तारीख झाली तरी काही नाही. ताई म्हणते लाईट तोड, बघ कसा देतो ते. मला ते बरोबर वाटत नाही पण दर महिन्याला रेल्वेने जाऊन बघणंही जमत नाही, डोक्याला नुसता ताप झालाय.

दुरुस्ती कोणी करायची, भाडं अडवायचा त्याला हक्क आहे का, आणि तुम्ही लोक लांबून घर सांभाळता ते नेमकं कसं? अॅग्रीमेंट म्हणाल तर पाचशेच्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचं नोटरी केलेलं आहे.

---

चिपळूणची_काकू

आधी ताईला सांग, लाईटला हात लावायचा नाही. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा कायद्याने गुन्हा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९. तो उद्या तक्रार घेऊन गेला तर गळकं घर राहील बाजूला आणि तूच फेऱ्या मारत बसशील.

दुसरं, तुझं नोटरी केलेलं अॅग्रीमेंट. अरे नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे रे! त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचं (ठरलेल्या मुदतीपुरतं राहू द्यायचं) अॅग्रीमेंट लेखी हवं आणि रजिस्टर केलेलं हवं, ते करून घ्यायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झालाच तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरून चालतात, तुला उलटं सिद्ध करत बसावं लागतं. म्हणजे तो म्हणाला की भाडं साडेचार हजारच ठरलं होतं, तर काय करशील? आणि खर्च म्हणशील तर हसशील. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ११ महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्याने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. तुझं भाडं होतं ७१,५०० आणि व्याज अठराशेच्या आसपास, त्याचा पाव टक्का म्हणजे दोनशे रुपये सुद्धा नाही. रजिस्ट्रेशन फी शहरात हजार, ग्रामपंचायत हद्दीत पाचशे. ऑनलाईन होतं, आधार आणि अंगठा लागतो, एजंट घरी मशीन घेऊन येतो. त्यासोबत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देऊन टाक, ते राहून जातं लोकांचं.

आता गळतीचं. माझं स्वतःचं सांगते. बाजारपेठेच्या मागे आमच्या घरात तळमजल्यावर दोन बिऱ्हाडं होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा आम्ही सगळे वरच्या मजल्यावर, खाली पाणी माळ्याला लागलेलं, एका भाडेकरणीचा फ्रीज आडवा होऊन दारातच अडकला होता आणि पाणी ओसरल्यावर दार उघडेना, शेवटी खिडकीचे गज कापून आत शिरलो. चिखल वीतभर. तेव्हा मी काही कायदाबियदा बघितला नाही, तीन महिने भाडं घेतलं नाही, भिंती धुवून वाळवून दिल्या, मीटर आणि बोर्ड छातीच्या वर उचलून घेतले. दोघांपैकी एक सोडून गेला, दुसरी अजून आहे आणि आता मी पुण्याला लेकीकडे गेले की ती पागोळ्यांखालच्या पन्हळी स्वतः साफ करते. हे पैसे देऊन होत नाही.

म्हणून माझं मत, छप्पर आणि भिंती मालकाच्या, आतला बल्ब, नळाचा वॉशर, कडीकोयंडा राहणाऱ्याचा. गळका स्लॅब ही तुझी दुरुस्ती. आणि खरं सांगू का, तू मे महिन्यात गेला होतास का एकदा तरी? आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामं केली होतीस?

---

म्हाराजा_मालवण

अरे म्हाराजा, भर पावसात स्लॅबवर केमिकल मारूक खंयचो शहाणो सांगता? ओलो स्लॅब केमिकल धरणा नाय, दोन महिन्यांत पापुद्रे सुटतले आणि तुझे ४२ हजार व्हाळात. तो गवंडी न्हय, तो गिऱ्हाईक शोधता.

(आता सगळ्यांना कळायला नीट मराठीत लिहितो, नाहीतर शिव्या पडतील.) मी पंचवीस वर्षं सेंट्रिंग आणि स्लॅबचीच कामं करतो. आधी गळती कसली ते बघा, मग औषध. भाडेकरूला एक साधी गोष्ट विचारा की पाऊस चार तास थांबला तरी थेंब पडतो का? पडत असेल तर ते पावसाचं पाणी नसण्याचीच शक्यता जास्त. वर टाकी आहे का, कुठे आहे, फॅनच्या हुकापासून किती लांब? पंप चालू करून विसरले की टाकी भरून वाहते, ते पाणी स्लॅबवर पसरतं आणि जिथे वाट मिळेल तिथून उतरतं. फॅनचा हुक म्हणजे स्लॅबमधून खाली आलेली सळी, तिच्या कडेने पाणी उतरायला आयती वाट. म्हणजे हुकापाशी टपकतंय म्हणून भोक तिथेच वर आहे असं अजिबात नाही.

दुसरं, स्लॅबचं पाणी जायचं भोक. आजूबाजूला आंबा फणस आहेच ना, पानं जाऊन तोंड बुजतं, मग वर तळं होतं. आमच्याकडे जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की लोक फोन करतात, मी जातो, हाताने पानं काढतो, भळाभळा पाणी जातं आणि गळती बंद. त्याचे मी पैसेही घेत नाही, चहा पितो.

तिसरं, ९८-९९ चा स्लॅब असेल तर खालून हातोडीने हळू ठोकून बघायला लावा. भद्द असा पोकळ आवाज आला किंवा गंजाचे तांबडे डाग दिसले तर आतली सळी गंजून फुगलीय आणि काँक्रीटचं कव्हर सुटतंय. त्या काळात काही ठिकाणी खाडीची, समुद्राची रेती न धुता वापरलीय लोकांनी, तिचं मीठ आत बसलेलं असतं. तसं असेल तर वरून कितीही केमिकल मारा, उपयोग शून्य. तो भाग फोडून, सळी घासून, नवीन भरावा लागतो, तेही दिवाळीनंतर. आणि तोवर त्याखाली मुलांना झोपवू नका म्हणावं, हे मस्करीत सांगत नाहीये.

पश्चिमेची भिंत हा वेगळा विषय. ती पावसाच्या झडीने भिजते. चिरा पाणी पितो, बाहेरच्या दरजा उघड्या पडल्या असतील तर मग विचारूच नका. पूर्वी लोक वेडे नव्हते, पश्चिमेला झावळांची झडी, म्हणजे विणलेला आडोसा, बांधायचे पावसाळाभर. आता बांधणार नसाल तर मेणकापड तरी ठोका, खाली पट्ट्या मारून, नाहीतर वाऱ्याने फडफडून आवाजानेच भाडेकरू पळेल. दरजा भरणं, गिलावा, सगळं सुकल्यावर.

---

भाड्याचा_मास्तर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, सोळा वर्षांत चार गावांत भाड्याने राहिलो. सगळे मालकच बोलतायत म्हणून लिहितो.

तुमचा भाडेकरू भाडं बुडवणारा असता तर मे पर्यंत पाच तारखेला दिलं नसतं. त्याने भाडं अडवलंय कारण त्याच्याकडे तेवढी एकच दोरी आहे ओढायला. व्हिडिओ पाठवून तीन आठवडे झाले असतील आणि तुम्ही 'थांब जरा' म्हणालात ते गवंड्याला, पण त्या कुटुंबाला काय सांगितलंत? आम्हाला पैसे नको असतात हो बऱ्याचदा, अमुक तारखेला अमुक माणूस येतोय एवढं कळलं तरी बादली बदलायला जोर येतो.

दापोलीकडे होतो तेव्हा ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पडवीचे पत्रे उडून समोरच्या बागेत. मालक मुंबईला, लॉकडाऊन, येणं शक्य नव्हतं ते मान्य आहे, पण फोनवर पहिला प्रश्न काय तर कलमं किती पडली? आम्ही दोघं आणि आमची आई ताडपत्रीखाली बसलोय हे नंतर. तेच मालक दरवर्षी हापूसच्या सीझनला पाहुण्यांना घेऊन आठ दिवस राहायला यायचे, भाडं आम्ही देत असताना मधली खोली रिकामी करून द्यायची, आणि मागच्या फणसाला हात लावायचा नाही. असो, जुनं झालं.

कायद्याचं म्हणाल तर भाडेकरूला एक रस्ता आहे. मालक दुरुस्ती करत नसेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरीही केली नाही तर स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर नाही. हे भाडेकरूसाठी, लायसन्सवाल्याला करारात काय लिहिलंय ते आधी बघावं लागतं. पण सरसकट 'गळतंय म्हणून एक रुपया देणार नाही' हे त्याचंही बरोबर नाही, घरात राहतोय तर काहीतरी द्यायलाच हवं. तुम्हीच फोन करून मध्य काढा, त्याची वाट बघू नका.

---

डोंबिवलीकर_मूळ_रत्नागिरी

मास्तर, लागलं पण खरं आहे. मी त्याला तीन आठवडे 'बघतो' एवढंच म्हणत होतो. काल रात्री फोन केला, नीट बोललो. तो म्हणाला पाऊस कमी झाला तरी टपकतंच, उलट सकाळी जास्त. आणि सकाळीच ते पंप लावतात. महाराजा, तुम्हाला दंडवत. टाकी हुकापासून साधारण आठ-दहा फुटांवर आहे. आज त्याला सांगितलंय की दोन दिवस टाकी भरायची नाही, खालच्या पिंपातून पाणी वापरा, आणि बघा.

काकू, नाही गेलो मे मध्ये. मुलीची अॅडमिशन होती. बाबा दर मे मध्ये स्वतः स्लॅबवर चढायचे झाडू घेऊन, मला वाटायचं रिटायर्ड माणसाचा टाईमपास आहे.

---

ठाणे_ते_गुहागर

लांबून सांभाळण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. गुहागरला दोन खोल्या आहेत माझ्या, आठ वर्षं झाली.

शेजाऱ्यावर टाकू नका. एक-दोनदा करतो माणूस, मग तोंड चुकवतो, आणि पाणी कुठे झिरपतंय यापेक्षा तुमच्याकडे भाडेकरू काय शिजवतो याचीच बातमी जास्त येते. मी एक वायरमन आणि एक प्लंबर पकडून ठेवलाय, दोघांना वर्षातून एकदा मे मध्ये बोलावतो, काम असो नसो, मजुरी देतो. म्हणून जुलैत फोन उचलतात. बाकी सगळ्यांचे फोन जुलैत लागत नाहीत. लाईट बिल माझ्या नावावर आहे, ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अॅपवर दर महिन्याला बघतो, थकलंय का कळतं. घर देताना आणि घेताना मीटर रीडिंगचा फोटो. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की आपोआप लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या, ओल्या भिंतीच्या घरात हा खर्च पहिला, रंग नंतर. भाडेकरू म्हणेल सारखा पडतो म्हणून बायपास करू, करू देऊ नका, पडतोय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय.

समुद्राजवळ असाल तर लोखंडी ग्रिलचा नाद सोडा. मी तीन वेळा रेड ऑक्साईड मारला, चौथ्या पावसाळ्यात गज हातात आला.

आणि वर्षातून एकदा घर आतून बघायला जा. आगाऊ कळवून, वाजवी वेळी. हा हक्क कायद्यानेच दिलाय मालकाला, पण म्हणून मास्तरांच्या मालकासारखं आंब्याची पेटी घेऊन मुक्कामाला नाही.

टॅक्सचं एक, कारण दुरुस्तीची बिलं लोक जपून ठेवतात आणि सीएला देतात. घरभाड्यातून तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी आधी वजा होते, उरलेल्यावर सरळ ३० टक्के वजावट मिळते. मग तुम्ही दुरुस्तीला शून्य घाला नाहीतर ४२ हजार घाला. तुमचे वर्षाचे ७८ हजार, घरपट्टी समजा ३ हजार, राहिले ७५, त्यातले साडेबावीस हजार सुटले. मी ते साडेबावीस घराचेच धरतो, वेगळ्या खात्यात टाकतो. ज्या वर्षी काही निघत नाही त्या वर्षीचे पुढच्या वर्षी लागतातच.

---

चिपळूणची_काकू

वेगळं खातं हे आवडलं. आमचे हे सगळं पितळी डब्यात ठेवायचे आणि गणपतीत संपवायचे.

डोंबिवलीकर, तुझा करार ऑक्टोबरात संपेल ना? तेव्हा नवीन करताना रजिस्टर कर आणि त्यात आगोटीचं स्पष्ट लिही. स्लॅबची पानं काढणं, टाकीचा पंप बंद करणं हे राहणाऱ्याकडे, स्लॅब, भिंती, पंप, वाळवी हे मालकाकडे, आणि तक्रार आल्यापासून किती दिवसांत माणूस पाठवायचा तेही. मुदत संपल्यावर कोणी अडून बसलं तर रजिस्टर कराराच्या जोरावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोपर्यंत दुप्पट दराने पैसे मागता येतात. हे मी त्याला घाबरवायला नाही सांगत, तो माणूस टिकवण्यासारखा दिसतोय.

---

डोंबिवलीकर_मूळ_रत्नागिरी

अपडेट. दोन दिवस टाकी बंद ठेवली, त्यात एक रात्र धो धो पाऊस होता, तरी हॉलमध्ये टपकणं जवळपास बंद! तिसऱ्या दिवशी प्लंबर चढला. टाकीचा बॉल व्हॉल्व्ह मोडलेला, आणि ओव्हरफ्लोचा पाईप कठड्याच्या बाहेर न काढता आतच सोडलेला. त्याने फोटो पाठवलाय, पाण्याच्या भोकाच्या तोंडावर फणसाची पानं अशी थापून बसली होती जशी काही कोणी पत्रावळ ठेवलीय, आणि त्यावर दोन बोटं शेवाळ. पानं काढली, व्हॉल्व्ह बदलला, पाईप बाहेर काढला, सगळे मिळून साडेनऊशे. त्या ४२ हजारवाल्याचा काल परत फोन आला होता, म्हणे रेट वाढणार आहेत.

हातोडीने ठोकून घेतलं. हुकाजवळ हातभर जागेत आवाज पोकळ येतोय, बाकी ठीक. तेवढं दिवाळीनंतर फोडून करायचंय. मुलांची गादी आतल्या खोलीत हलवली त्यांनी.

भाड्याचं असं ठरलं, जूनचं निम्मं, जुलैपासून पूर्ण. तोच म्हणाला निम्मं. खरंतर मी पूर्ण जून सोडायला तयार होतो पण बोललो नाही, हे इथेच कबूल करतो. रजिस्ट्रेशनसाठी ऑक्टोबरची वाट बघणार नाही, श्रावणात दोन दिवस जातोय तेव्हाच एजंटला बोलावलंय.

स्वयंपाकघराची भिंत मात्र तशीच. मेणकापड लावलं होतं, दुसऱ्याच रात्री वाऱ्याने एका बाजूने फाटलं. महाराजा, त्या झावळांच्या झडी अजून कोणी विणून देतं का? आईला विचारलं तर म्हणाली शेजारच्या वाडीत एक म्हातारी विणायची, पण ती गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची.

---

म्हाराजा_मालवण

माझी आत्ये विणता, पण ती काय रत्नागिरीक येवची नाय. झडी हडून दितंय, टेम्पोचा भाडा तुझा. भिंतीची लांबी-उंची कळव, आणि खिडकी खंय आसा ता पण, मागच्या वर्षी एकान सांगूक नाय आणि त्याची खिडकी चार महिने बंद.